पांढऱ्या पाकिटातली पट्टी

ती. योशिनोताई हिला धाकट्या शिगेओचा वाकून नमस्कार. (सध्या वाकता येत नाही, तेव्हा हा ताठ उभा राहून केला आहे. वाकलेला समजून घ्यावा.)

इकडे संत्र्यांनी रंग धरला, समुद्रावरचा वारा बोचरा झाला, आणि मी आहे तसा आहे. तिकडे कोबेला थंडी पडली का? तुझा उजवा गुडघा कसा आहे ते कळव. (डाव्याचं विचारत नाही, डाव्याबद्दल तू फोनवर पाऊण तास सांगितलंस.) दाजींची नवी कवळी बसली असेल अशी आशा आहे. मागच्या वेळी ते माझ्याशी दहा मिनिटं बोलले आणि त्यातला 'मासे' हा एकच शब्द मला कळला. मी सगळ्याला हो म्हटलं. त्यात मी काही कबूल करून बसलो असेन तर ते धरू नये.

पत्राला उशीर झाला याचं कारण माझी पाठ. पाठीने कोणी पत्र लिहीत नाही हे मलाही कळतं, पण सगळं सांगितल्याशिवाय तुला पटायचं नाही. अडतीस वर्षं टपालाच्या पिशव्या वाहिल्या, त्याची पावती म्हणून दोन्ही खांद्यांच्या बरोबर मधे, जिथे स्वतःचा हात वरूनही पोचत नाही आणि खालूनही पोचत नाही, अशी बशीएवढी जागा दुखते. तिथे गेली सहा वर्षं मी निळ्या पाकिटातली पट्टी लावत होतो. ऑक्टोबरात दवाखान्याची बोट आली (दर बुधवारी येते, डॉक्टर आणि औषधवाली मुलगी मिझुए असे दोघं उतरतात), तेव्हा मिझुए म्हणाली, आजोबा, आता नियम बदललाय. औषध तेच आहे, कंपनी दुसरी आहे, ही पांढऱ्या पाकिटातली जेनेरिक घ्या. निळीच हवी असली तर मिळेल, पण वरचे पैसे तुम्हाला भरावे लागतील.

आता तू मला ओळखतेस. सरकारी पिशवीची सुतळीसुद्धा ज्याने सोडवून, गुंडाळून पुन्हा वापरली, तो मी पाकिटाच्या रंगासाठी जादा पैसे भरणार? मी ताबडतोब पांढरं पाकीट घेतलं. एवढ्यावर थांबलो असतो तर हे पत्र अर्ध्या पानाचं झालं असतं. पण रांगेत अकरा माणसं उभी होती, आणि अकरा माणसं गप्प उभी दिसली की मला बोलावंसं वाटतं. औषध म्हणजे आतला माल, पाकीट म्हणजे नुसतं पाकीट, आणि पत्राची किंमत लिफाफ्यावरून कोणी ठरवतं का, असं मी त्यांना समजावून सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. रांगेत सातवा तोकुजी होता. त्याने डोलावली नाही.

तोकुजी कानेमारू तुला आठवत असेल. शाळेत माझ्याच बाकावर बसायचा, नाकात बोलायचा, एकदा तू त्याला चिखलात ढकललं होतंस. पुढे आमच्या फेरीबोटीचा कप्तान झाला. आमचं का फाटलं ते तुला मी दर नव्या वर्षाला सांगितलंच आहे, पण पुन्हा सांगतो. एकोणीस वर्षांपूर्वी मी पिशवी खांद्यावर टाकून धक्क्यावर पोचलो, बोट सुटायला माझ्या घड्याळात दोन मिनिटं होती, आणि या गृहस्थाने माझ्या डोळ्यांदेखत दोर सोडले. सरकारी टपाल आणि पोस्टमास्तर, म्हणजे मी, दोघंही धक्क्यावर, आणि बघायला सगळं गाव. मी बोट कंपनीला चार पानी तक्रार लिहिली. त्याला लेखी ठपका आला. तेव्हापासून आम्ही एकमेकांकडे पाठ फिरवली ती फिरवलीच. काही निरोप द्यायचाच झाला तर गावच्या न्हाणीघराच्या गल्ल्यावर बसणाऱ्या उमेनो आजींकडे द्यायचा. (वय एक्क्याण्णव, कान शाबूत. सगळी अडचण त्या कानांचीच आहे.)

तर तोकुजीने मिझुएला सांगितलं, मलाही पांढरीच दे, मी आपली मुकाट्याने घेतो, भाषण नको.

घरी येऊन पाकीट उघडलं आणि फरक कळला. औषध खरोखर तेच, वासही तोच, गुणही तोच. त्यात काडीचं खोटं नाही. पण निळ्या पट्टीचा पाठचा कागद तीन तुकड्यांत सुटायचा. मधला काढायचा, पट्टी पाठीवर टेकवायची आणि मग बाजूचे दोन ओढायचे, एकटा माणूस लावू शकायचा. पांढरीचा कागद अख्खा एकदम निघतो. निघाला की ती पट्टी पाण्यातून काढलेल्या माशासारखी वळवळते आणि पहिली जी वस्तू भेटेल तिला चिकटते. पहिली स्वतःलाच चिकटली आणि तिची वळकटी झाली. दुसरी कोपराला. (कोपर दुखत नव्हतं. आता तर मुळीच दुखत नाही.) मग मी डोकं लढवलं. तिसरी पट्टी चटईवर चिकट बाजू वर करून ठेवली, अंदाज घेतला आणि तिच्यावर हळूच आडवा झालो. अंदाज वीतभर चुकला. चौथी खांबाला उलटी धरून अस्वलासारखी पाठ घासली, ती खांबालाच पसंत पडली. आमच्या घराचा तो खांब सध्या ठणठणीत आहे. पाचवी कागदी दारावर लावून पाहिली, तिने येताना दार आणलं.

त्या रविवारी देवळात गावची सभा होती. मी नेहमीप्रमाणे पुढे बसलो आणि रस्त्याच्या दिव्यांवर बरंच बोललो. लोक आज फार लक्ष देऊन ऐकताहेत असं वाटत होतं. तेवढ्यात मागून तोकुजीचा आवाज आला: "उमेनो आजी, त्यांना जरा सांगा, कोटाची पाठ दुखत असेल तर कोटाला डॉक्टरकडे न्या." सकाळची सहावी पट्टी माझ्या कोटाच्या पाठीवर मधोमध, अगदी हवी त्या जागी, चारी कोपरे सरळ अशी बसली होती. इतकी चांगली ती मला आजतागायत लावता आलेली नाही. सगळी सभा हसली. भटजीसुद्धा हसले, तेही घंटा वाजवून. मी दिव्यांचा मुद्दा पूर्ण केला, पण त्यात जीव नव्हता.

दोन दिवस घराबाहेर पडलो नाही. तिसऱ्या दिवशी चार वाजता न्हाणीघरात गेलो, कारण त्या वेळी तिथे कोणी नसतं. तर कपडे बदलायच्या खोलीत तोकुजी. उघडा, हातात पांढरी पट्टी, आणि शेपटीमागे लागलेल्या कुत्र्यासारखा स्वतःभोवती गोल फिरतोय. आरशाकडे पाठ करून खांद्यावरून बघायचा, हात टाकायचा, चुकायचा, पुन्हा फिरायचा. आधीच्या दोन पट्ट्या एक बरगडीवर आणि एक लंगोटाच्या नाडीवर चिकटलेल्या. ताई, मी दारात उभा राहून भरपूर पाहिलं. एकोणीस वर्षं मी असंच काहीतरी घडावं म्हणून वाट बघत होतो. पण प्रत्यक्ष घडल्यावर तितकं हसू येईना. त्याची पाठ फार वाळली आहे. शाळेत असताना याच पाठीवर बसून मी संत्री, म्हणजे दुसऱ्यांची, तोडत होतो.

"दे इकडे," मी म्हणालो.

तो थांबला. "कोणाला म्हणालास?"

"इथे उघडा दुसरा कोण आहे?"

त्याने पट्टी दिली. मी आधी कोपरे दाबले, मग मधे मुठीने एक दिला. तो कळवळला. "अरे, शिक्का मारतोयस का?" म्हणाला. मी म्हटलं, नीट बसला नाही तर टपाल परत येतं. मग त्याने हात पुढे केला, मी माझी पट्टी त्याच्या हातावर ठेवली आणि वळलो. जरा डावीकडे, मी म्हणालो. डावीकडे तुझ्या की माझ्या, तो म्हणाला. पाठ माझी, तेव्हा डावी बाजूही माझीच, मी म्हणालो. यावर आम्ही दहा मिनिटं भांडलो, आणि पट्टी लागल्यावर लक्षात आलं की एवढ्या वेळात एकाही वाक्यासाठी उमेनो आजींना हाक मारली नव्हती. त्या गल्ल्यावरून म्हणाल्या, "एकोणीस वर्षं तुमचं टपाल मी वाहिलं. मला कोणी पेन्शन देणार आहे का?"

त्या दिवसापासून रोज चारला जातो. मिझुएने सांगितलंय की आंघोळीनंतर घाम सुकेपर्यंत अर्धा तास थांबून पट्टी लावायची. म्हणजे रोज अर्धा तास दोन म्हाताऱ्यांनी टॉवेल गुंडाळून बाकावर बसायचं. अर्धा तास गप्प बसणं मला जमत नाही हे तुला ठाऊक आहे, आणि त्यालाही जमत नाही हे मी विसरलो होतो. फुमिए मला एकटं टाकून गेली तेव्हा तो बायकोच्या त्या अंत्यविधीला आला होता, टेकडीखाली रस्त्यावर उभा राहून परत गेला, हे मला या बाकावर कळलं. मी आंघोळीनंतर घेतलेली माझी दुधाची बाटली त्याच्याकडे सरकवली.

नोव्हेंबरच्या मध्यावर एका गुरुवारी वारा सुटला. चार वाजले, तोकुजी नाही. हा माणूस वेळेचा किती पक्का आहे हे माझ्याइतकं कोणाला माहीत असेल. दहा मिनिटं थांबलो आणि त्याच्या घराकडे निघालो. तो चढ मी एकदाही न थांबता चढलो. दार नुसतं लोटलेलं होतं. तो स्वयंपाकघरात जमिनीवर कुशीवर पडलेला, तोंड भिंतीवरच्या घड्याळाकडे. सकाळी नऊ वाजता लोणचं दाबून ठेवायला पिंपावर ठेवलेला दगड उचलायला गेला आणि कंबर धरली ती सुटेना.

"ओरडला का नाहीस?" मी विचारलं.

"या वाऱ्यात कोण ऐकणार? आणि चारला मी दिसलो नाही की तू येणार हे माहीत होतं. बारा मिनिटं घेतलीस."

मी त्याच्यावर दुलई घातली, पाणी पाजलं, आणि डॉक्टरला फोन लावला. बोट तसल्या वाऱ्यात आली. मोडलेलं काही नव्हतं, स्नायू धरला होता, दहा दिवस पडून राहा म्हणाले. ते दहा दिवस मी तिथेच राहिलो. (म्हणून पत्राला उशीर. आता पटलं ना?) पेज मी करायचो, मीठ कमी आहे हे तो सांगायचा. सहाव्या दिवशी पेज पिता पिता म्हणाला, "त्या दिवशी माझं घड्याळ दोन मिनिटं पुढे होतं. पलीकडच्या बंदरावर पोचल्यावर कळलं. संध्याकाळी परत येऊन सांगणार होतो, तर तुझ्या तक्रारीवर आधीच शिक्का पडलेला."

मी त्याच्या पेजेत आणखी चिमूटभर मीठ टाकलं. मग मीही सांगून टाकलं. तक्रारीत मी लिहिलं होतं की पिशवीत अत्यंत निकडीचं टपाल होतं. ताई, पिशवीत बियाण्यांचं एक सूचीपत्रक होतं आणि तुला लिहिलेलं माझं पत्र होतं, ज्यात मी तुझ्याकडे लोकरीचे मोजे मागितले होते. तोकुजी इतका हसला की त्याची कंबर पुन्हा धरली आणि डॉक्टरने आणखी दोन दिवस वाढवले. हसू ओसरल्यावर त्याने एकच विचारलं, मोजे आले का. आले, मी म्हणालो, एक आखूड होता.

गेल्या बुधवारी दोघं मिळून धक्क्यावर गेलो. मिझुए आनंदाने म्हणाली, आजोबा, तुमच्यासाठी शोधून आणली, ही तिसऱ्या कंपनीची जेनेरिक, हिचा कागद तीन तुकड्यांत सुटतो, आता एकट्याने लावता येईल. नको, आम्ही दोघंही एकाच वेळी म्हणालो. ती गोंधळली. वारंवार कंपनी बदलणं शिस्तीला धरून नाही, असं मी तिला समजावलं. तोकुजीने, आयुष्यात पहिल्यांदाच, माझ्या बोलण्यावर मान डोलावली.

दाजींना नमस्कार. गार वाऱ्यात फिरू नकोस आणि दोन्ही गुडघ्यांना सारखंच जप.

तुझा धाकटा,
शिगेओ

ता. क. सोबत संत्र्यांची पेटी पाठवली आहे. वरच्या थरातली माझ्या झाडाची, खालची तोकुजीची. वरची गोड आहेत. खालची त्याच्यासमोर गोड आहेत.

ता. क. दुसरा. आता ज्यासाठी खरं तर पत्र लिहायला घेतलं ते. पाठीला पट्टी लावायची लांब दांड्याची काठी तू पाठवलीस, ती नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातच मिळाली. फार उत्तम काठी आहे. दाराला कडी लावून एकदा वापरून पाहिली, पट्टी पहिल्याच फटक्यात जागेवर बसली. मी ती लगेच काढली आणि चारला न्हाणीघरात गेलो. तर एप्रिलात इकडे येशील तेव्हा तोकुजीसमोर काठी मिळाली का, असं कृपा करून विचारू नकोस. दाजींनाही बजाव. त्यांचं बोलणं कळत नाही हे खरं, पण नेमका तेवढाच शब्द कळायचा.

ता. क. तिसरा. तोकुजीकडे पेजेसाठी डाव शोधताना तांदळाच्या पिंपामागे हात घातला, तर तिथे हुबेहूब तशीच काठी. टोकाला पट्टीचा गोंद लागलेला. मी ती होती तिथेच ठेवली आणि पुढ्यातलं पोतं थोडं ओढून घेतलं, कारण ती जरा बाहेर दिसत होती.