गुडघ्यावरची थाप

चिमणे,

जेवण झाकून ठेवलंय, गरम करून खा. भंगारातून जुळवलेल्या आपल्या गाडीच्या इंजिनाने आज मान टाकली. पिस्टनला भोक पडलंय. "बाबा, ठोका पकडणारा सेन्सर बसवा" हे तुझं पालुपद आज नको. आणि टर्बोला बोल लावू नकोस, तो बिचारा शेवटपर्यंत इंजिनात हवा कोंबत फिरत होता.

तुला ठाऊकच आहे, टर्बोचा दाब वाढवला की इंजिन आतून ठोकायला लागायचं, आणि तसंच रेटलं तर पिस्टन फुटणार. लेथ मशीनच्या आवाजापायी माझे कान गेलेले, त्यामुळे ते आईलाच कळायचं. इंजिनापासून आणलेली रबरी नळी कानाला लावून ती शेजारी बसायची. ठोका ऐकू आला की माझ्या गुडघ्यावर थाप मारायची, आणि मी अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलायचो.

ती गेल्यापासून गाडी झाकूनच होती. आज काढली. नळी तिच्या सीटवर ठेवली, दाब वाढवला आणि पाय दाबून बसलो. सवयीने थापेची वाट बघत राहिलो गं.

गाडी पुलाखाली उभी आहे. गॅरेजवाल्या मामाला घेऊन तिकडेच जातोय. जेवून ये. मामा ओढेल, स्टिअरिंग तू धर. मी आईच्या सीटवर बसतो.

बाबा