एर्विनची गिटार आणि माझी बोटं

प्रिय एर्विन,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू ते न फोडता टेबलावर ठेवशील हे मला ठाऊक आहे. म्हणून लिदियाला, तुझ्याच बायकोला, फोनवर आधीच सांगून ठेवलंय, की याने तीन दिवसांत फोडलं नाही तर तू फोड आणि हा जेवायला बसला की मोठ्याने वाच. तेव्हा वाचतोस की ऐकतोस एवढंच तुझ्या हातात आहे, सुटका नाही.

फेब्रुवारीत तुझ्या चार ओळी आल्या, त्याही लिदियाच्या अक्षरात. बर्फावर घसरलास, खांद्यातल्या नसा गेल्या, उजवा हात आता नुसता लोंबतो, डॉक्टरांनी आशा सोडली. आणि शेवटी, 'गिटार कुणालातरी देऊन टाक.' तेव्हापासून तू फोनवर येत नाहीस. खिडकीपाशी खुर्ची टाकून बसतोस, रेडिओ लावला की बंद करायला लावतोस, असं लिदिया सांगते, आणि सांगताना तिचा आवाज बदलतो. मी इकडे कझाकस्तानात, कारागांडात बसून काय करणार? तू सांगितलंस तसं केलं. गिटार कुणालातरी देऊन टाकली. मला.

हस, हस. कुल्याशही हसली. तू ठेवून गेलेल्या गिटारची पेटी मी कपाटावरून खाली काढली तेव्हा माझ्या बायकोने आधी तिच्यावरची धूळ पुसली आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तीस वर्षं खाणीत कोळसा फोडलास, आता म्हातारपणी माझं डोकं फोडणार आहेस का?" मी म्हटलं, एकेकाळी मी खाणीच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचो, ते ऐकूनच तू माझ्याशी लग्न केलंस. ती म्हणाली, "मी बँड ऐकायला यायचे. त्यात तू होतास हे मला लग्नानंतर कळलं." सहासष्टाव्या वर्षी मी पेटी उचलली आणि शिकवणी शोधायला निघालो.

शिकवणी सांस्कृतिक भवनात आहे, आपला बँड तालीम करायचा त्याच तळघरात. रंग नवा दिलाय, ओल जुनीच आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी अकरा वाजता. शिकवणारी मेरुएर्त, वय सत्तावीस, आवाज बारीक आणि स्वभाव आपल्या पहिल्या मुकादमासारखा. मला अजून मोठ्या भावासारखं आगाच म्हणते, आजोबा म्हणत नाही, एवढी एकच दया. पहिल्या दिवशी तिने तुझी गिटार मांडीवर घेतली, गंजलेल्या तारा बघून माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी कुणाचं तरी पोर उपाशी ठेवलंय. तारा नव्या घातल्या तेव्हा कुठे बोलायला लागली. मग माझा अंगठा. लहानपणी बापाने दोन तारांचा दोम्ब्रा शिकवला होता, त्यामुळे माझा अंगठा गिटारच्या मानेवरून पलीकडे येऊन तार दाबायला बघतो. "आगा, त्या अंगठ्याला सांगा, इथे त्याला बोलावलेलं नाही," असं ती दर दहा मिनिटांनी म्हणते.

आता मुद्द्याचं. तुला आठवतं, तू एकदाच तार छेडायचास आणि सूर दोन यायचे? मी ड्रममागे बसून बघायचो, उजवा हात एकदाच हलला, मग दुसरा सूर कुणी काढला? तुला विचारलं की तू म्हणायचास, "ते जर्मन लोकांचं गुपित आहे." पंचेचाळीस वर्षं तू मला गंडवलंस. त्याला हॅमर-ऑन म्हणतात, शिकायला लागलेल्या पोरांनाही ते येतं, आणि गुपित वगैरे काही नाही. उजव्या हाताने तार छेडायची, ती घुमत असताना डाव्या हाताचं दुसरं बोट वरून हातोडीसारखं तारेवर आणायचं, पुढच्या पडद्याच्या, म्हणजे त्या धातूच्या पट्टीच्या, अगदी लगत, आणि तिथेच ठेवायचं. दुसरा सूर ते बोटच काढतं. मी मेरुएर्तला म्हटलं, एवढंच ना? हातोडी म्हणजे माझा धंदाच होता.

पहिले दोन आठवडे मी त्या गिटारला अक्षरशः बडवलं. सूर येईना, नुसता ठक्क असा आवाज. तार बोटात रुतून रेघा पडल्या, चहाची वाटी धरताना मी ओरडायचो, आणि कुल्याश बाऊरसाकचे गोळे तळता तळता म्हणायची, "तळणाचं तेल बोटांना लाव, दोघंही मऊ व्हाल, तूही आणि बोटंही." मेरुएर्त सांगत होती की जोर नको, वेग हवा. मला वाटायचं, या पोरीला काय माहीत. मग एका शुक्रवारी वैतागून मी बोट नुसतं टाकलं, जोर लावायचाही कंटाळा आला होता म्हणून, आणि सूर आला, स्वच्छ. मी बोट पुन्हा तसंच टाकलं, पुन्हा आला. खाणीत नवा होतो तेव्हा पहारीने छत ठोकून बघायचं काम मला दिलं होतं, आठवतं? मी घणाघाती ठोकायचो आणि मुकादम ओरडायचा, अरे तू छताला विचारतोयस की मारतोयस? हळू ठोक आणि ऐक, पक्का दगड वाजतो, सुटलेला दगड बद्द बोलतो. हेच तर होतं. मी मेरुएर्तला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग एवढे दिवस माझ्या गिटारला का मारत होतात?" तुझी गिटार तिची कधी झाली, देव जाणे.

त्यानंतर मला वेगळंच खूळ लागलं. घरी सराव करताना मी उजवा हात कोटाच्या खिशात घालून बसू लागलो. छेडायचंच नाही. नुसतं डावं बोट शांत तारेवर टाकायचं आणि ऐकायचं. कुल्याशला वाटलं, माझ्या हाताला काही झालं, तिने डॉक्टरकडे न्यायची तयारी केली. वर्गातही तसंच बसलो तेव्हा मेरुएर्तने विचारलं, "उजवा हात घरी विसरलात का आगा?" मी तिला खरं सांगितलं. मग तिने खुर्ची जवळ ओढली, स्वतःचा उजवा हातही पाठीमागे घेतला, आणि आम्ही दोघं तसेच एक सूर, मग दुसरा, असं करत बसलो. पुढे तीन महिने तिने मला दुसरं काही शिकवलंच नाही.

आता तुलाही खरं सांगतो. मी गिटार शिकायला गेलो नव्हतो रे. मला या जन्मात ती येणार नाही आणि त्याचं दुःखही नाही. मला एवढंच बघायचं होतं, की एकट्या डाव्या हाताने सूर निघतो का. निघतो. लहान असतो, खोलीत शांतता लागते, पण खरा असतो. तू लिदियासाठी बांधलेल्या चालीचे पहिले अकरा सूर मी नुसत्या डाव्या हाताने काढले, या माझ्या ठोकळ बोटांनी, आणि कुल्याश गॅस बंद करून दारात येऊन उभी राहिली. हे मला जमलं, तर तुझा हात काय काय करेल याचा मी रोज विचार करतो. आणि मोठा आवाज हवा असेल तर मी आहे ना. तू सूर धर, तार मी छेडतो, तू सांगशील ती आणि सांगशील तेव्हा. तालात मी कधी चुकलो नाही, हे तूसुद्धा नाकारणार नाहीस. दोन म्हातारे एक गिटार घेऊन बसलेले वेडे दिसतील, दिसू देत. मला तुझी फार आठवण येते, एर्विन, आणि त्या खिडकीपाशी बसलेल्या माणसाची मला भीती वाटते.

म्हणून मी तुला कोल्का घालतोय. तिकडे जर्मनीत तीस वर्षं राहून विसरला असशील, तर सांगतो: जिवाभावाच्या माणसाने कोल्का घालून घोडा मागितला तर घोडा द्यायचा, नाही म्हणता येत नाही. चौऱ्याण्णव साली देश सोडताना स्टेशनवर तूच मला घातली होतीस, गिटार सांभाळ म्हणून, आणि मी सांभाळली. मी तुझ्याकडे आजवर कधी काही मागितलं नाही. आता मागतो. ऑगस्टचे शेवटचे दहा दिवस मला तुझा डावा हात दे. तो पाकिटात घालून पाठवता येणार नाही, तेव्हा तुला त्याच्यासोबत यावं लागेल. लिदियाने विमानाची वेळ मला कळवली आहे, तुला ती बहुतेक आत्ता कळतेय. तिच्यावर चिडू नकोस, मी तिलाही कोल्का घातली होती.

तुझाच,
ओराझबेक