माझे कान ठणठणीत आहेत

६ जुलै २०२५, रविवार
आपल्या 'सोल सिक्स्टीज' ग्रुपची प्रत्यक्ष बैठक ठरली. वैशालीताईंचा मेसेज आला. १० ऑगस्ट, संध्याकाळी, काळाचौकीच्या मंडळाच्या हॉलमध्ये, म्हणजे माझ्या बिल्डिंगच्या समोरच. प्रत्येकाने साठच्या दशकातलं एक आवडतं सोल गाणं, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या गायकांचं, निवडायचं, आठवण सांगायची, मग ते सगळ्यांना ऐकवायचं. शेवटचा नंबर माझा. साहजिक आहे. ग्रुपमध्ये कान असलेला माणूस मी एकटा. बाकीचे नुसते ऐकतात.
संकल्प: रोज सकाळी एक तास माझ्या गाण्याची जुनी रेकॉर्ड ऐकणे. आवाज बेताचा ठेवून.

७ जुलै
आवाज बेताचा ठेवला. रेकॉर्ड झिजली आहे असं दिसतं. व्हायोलिनं गायब. गाणाऱ्या बाईच्या मागे तीन बहिणी गातात त्यातली एकच बहीण उरली, तीही लांबून. बेस मात्र शाबूत. आवाज वाढवला. सूनबाई, मनवा, बाहेर येऊन काहीतरी म्हणाली. हल्लीची पिढी तोंडातल्या तोंडात बोलते. हिचं ऑफिसात कसं निभतं कोण जाणे.
आमच्याकडे असं नव्हतं. बाबा मिलच्या साचेखात्यात. शेकडो माग एकदम चालायचे, तिथे बोलायचं म्हणजे ओरडायचं नाहीतर हातवारे करायचे. घरी आले तरी तेच. आमच्या घरातलं भांडण अख्ख्या चाळीला पाठ. बाबांचे कान पन्नाशीत गेले. पुढे पुढे रेडिओवर भजन लागलं की रेडिओच्या लाकडी पेटीवर पंजा ठेवून बसायचे. त्याला कोणी आजार म्हणायचं नाही. साचेखात्यातल्या माणसाचे कान जायचेच, जसे भटक्याचे पाय दुखायचेच.
मी टाइम ऑफिसात होतो. साचेखात्याला लागून, मध्ये फळ्यांचं पार्टिशन. पण टाइम ऑफिस ते टाइम ऑफिस.

९ जुलै
कालिंदी हल्ली सकाळचा चहा देताना काहीतरी पुटपुटते. नामस्मरण असावं. वय झालं तिचं.

१३ जुलै, रविवार
आठवणीचं भाषण लिहायला घेतलं. मुद्दे:
रेकॉर्ड मिळाली कुशाबाकडून. कुशाबा म्हणजे माझा मित्र दौलत याचा मोठा भाऊ. शिवडीच्या गोदीत होता. एका परदेशी खलाशाला लालबागच्या चिवड्याची चटक लावली आणि दोन पुड्यांच्या बदल्यात रेकॉर्ड उपटली. त्यांच्या शिवडीच्या खोलीत आम्ही ती वाजवायचो. कुशाबा बनियनवर नाचायचा. इंग्लिश कोणालाच कळत नव्हतं. पण बाई मनापासून रडतेय एवढं कळायचं.
पुढे लग्न झाल्यावर कालिंदीला पहिली हीच रेकॉर्ड ऐकवली. ती म्हणाली, हिला कोणी मारलं का? मी अर्थ समजावला. 'तू हाक मारलीस तर मी कुठूनही ऐकेन,' असा आहे. ती लाजली होती. हा मुद्दा भाषणात घ्यावा की नाही? घ्यावा.

२० जुलै
दौलतने ग्रुपवर व्हॉइस नोट टाकली. चांगली लांबलचक. फोन पूर्ण आवाजावर ठेवूनही नुसती खरखर. शिवडी आणि कुशाबा एवढं लागलं. जुन्या आठवणी सांगत असणार. मी लगेच उत्तर दिलं: 'झकास! मजा आली रे! असंच येऊ दे!' पुढे नाचणारा माणूस टाकला.
वेळच्या वेळी दाद द्यावी. लोक देत नाहीत.

२१ जुलै
वैशालीताईंचा वेगळा मेसेज. कुशाबा परवा गेला. दौलतची व्हॉइस नोट त्याच बातमीची होती.


२२ जुलै
दौलत ग्रुपमधून बाहेर पडला. माझी चूक मी मानतो, पण संपूर्ण नाही. एवढी गंभीर बातमी माणसाने लिहून कळवावी. फोनचा स्पीकरही टाकाऊ आहे. मनवा म्हणाली, त्याच फोनवर तिला सगळं स्वच्छ ऐकू आलं, दौलतकाका मध्येच रडले तेही. तरुण माणसं फोनला सरावलेली असतात.
संकल्प: उद्या शिवडीला जाऊन दौलतला भेटणे.

२३ जुलै
गेलो नाही. गुडघा.

२७ जुलै
कालिंदीने परस्पर दादरच्या कानाच्या डॉक्टरकडे माझा नंबर लावला होता. खाली टॅक्सी उभी करून मग मला सांगितलं. मी कानावर हात ठेवले. माझे कान ठणठणीत आहेत. बसचा हॉर्न ऐकू येतो. कुकरची शिट्टी ऐकू येते. तीच रागाने टॅक्सीत बसून दादरला गेली आणि भाजी घेऊन आली.

१ ऑगस्ट
डाळ करपली. कुकर माझ्यावर सोपवून कालिंदी देवळात गेली होती. शिट्टी झालीच नाही, याची मी खात्री देतो. कुकर जुना आहे.

४ ऑगस्ट
शिवडीला जायचं राहतंय. प्रश्न असा की तिथे जाऊन बोलणार काय? दौलत हळू बोलतो. समोरचं बोलणं नीट कळलं नाही तर माणूस मान हलवतो, आणि मान भलत्याच जागी हलली की... असो. बैठकीनंतर जाईन. तेव्हा त्याला सांगायलाही काहीतरी असेल.

८ ऑगस्ट
वैशालीताई सुचवतात की मीही बाकीच्यांसारखं फोनवरून गाणं लावावं, त्यांचा छोटा स्पीकर आहे. कानामागून आली आणि तिखट झाली, म्हणतात ते असं. या बाई ग्रुपमध्ये माझ्यानंतर आल्या. मी स्पष्ट लिहिलं: अस्सल रेकॉर्ड, अस्सल प्लेअर, अस्सल अँप्लिफायर. फोनवर सोल ऐकणं म्हणजे फोटोतली बिर्याणी खाणं. सहा जणांनी हसरे चेहरे टाकले.
एरवी वायरिंग दौलत करायचा. गणपतीत मंडळाचे स्पीकर तोच बांधायचा, हातात कला आहे. पण त्यात आहे काय? दोन-तीन वायरी. अँप्लिफायरचा लाल दिवा लागला की झालं.

९ ऑगस्ट
एक गोष्ट मार्गी लावली. हॉलच्या खालच्या पटांगणात ढोल पथकाची प्रॅक्टिस असते, गणपती जवळ आले. पथकाच्या कॅप्टनला गाठून सांगितलं, उद्या सहा ते आठ ढोल बंद ठेव. तो बराच वेळ काहीतरी बोलला, शेवटी मुंडी हलवली. पोरगा समजूतदार आहे.
प्लेअर, अँप्लिफायर, वायरी पिशवीत भरल्या. रात्री कालिंदीने पिशवी पुन्हा तपासू का विचारलं. मी टाइम ऑफिसात तीन हजार माणसांची हजेरी सांभाळली आहे, एवढंच बोललो.

१० ऑगस्ट, सकाळी
भाषण पाठ. शर्ट इस्त्री. संकल्प: आवाजाची पट्टी सांभाळून बोलणे. मी ओरडतो असा काहींचा गैरसमज आहे.

१० ऑगस्ट, रात्री जेवण झाल्यावर
काय लिहू! असा दिवस पुन्हा येणे नाही.
हॉल भरला होता. पहिल्या रांगेत कालिंदी आणि मनवा. बाकीच्यांनी फोनवरून गाणी लावली. फुसकी. मला तर काही ऐकूच आलं नाही, आणि चेहऱ्यांवरून कोणालाच आलं नसावं. खिडक्या सगळ्या बंद केल्या होत्या, का कोण जाणे.
मग मी. कुशाबाचा चिवडा सांगितला, लोक हसले. कुशाबा गेल्याचं सांगितलं. कालिंदीला ऐकवलेला अर्थही सांगितला. मग रेकॉर्ड ठेवली. लाल दिवा लागला. सुई टेकली. टेबलावर पंजा ठेवला, बेस असाच ऐकायचा असतो. आणि काय तो बेस! धडधड टेबलातून हातात, हातातून छातीत. घरी इतका कधी लागला नव्हता. वर त्या तिघी, तिघीही, स्वच्छ, शिवडीच्या खोलीत ऐकल्या तशा. व्हायोलिनं परत आली. माझे डोळे भरले. पुसलेही नाहीत.
संपल्यावर हॉलमध्ये कोणी हललं नाही. मी विचारलं, ऐकलात तो बेस? वैशालीताईंनी टाळ्या सुरू केल्या आणि मग सगळे उभे राहिले. दोघी-तिघी रडत होत्या. संगीताची ताकद.
माझे कान ठणठणीत आहेत. आज सिद्ध झालं.

११ ऑगस्ट
ग्रुपवर माझ्या भाषणाची स्तुती. गाण्याबद्दल कोणी अवाक्षर काढलेलं नाही. भारावले असतील.
मनवाने व्हिडिओ घेतला होता. बघितला. मी छान दिसतो. पण गाणं लागतं तिथून आवाज गेलाय, नुसतं धमधम. व्हिडिओ खराब निघाला. तिला म्हटलं, पुन्हा पाठव. तिने पुन्हा पाठवला. तोही तसाच.

१२ ऑगस्ट
प्लेअर कपाटात ठेवायला पिशवी उघडली. तळाशी एक वायर. प्लेअरमधून अँप्लिफायरमध्ये जाते ती.
लाल दिवा लागला होता हे मी शपथेवर सांगतो.
मनवाला बोलावलं. आधी ती बोलली, मग मला कळेना म्हणून तिने फोनवर मोठ्या अक्षरात लिहिलं: 'बाबा, व्हिडिओत आवाज आहे. खाली ढोल चालू होते. गाणं लागलंच नव्हतं.'
ढोलपथकाच्या कॅप्टनने मुंडी हलवली होती ती नाही म्हणायला.

१२ ऑगस्ट, संध्याकाळी
कालिंदीला विचारलं, कोणी सांगितलं का नाही? तिला तीनदा सांगावं लागलं, शेवटी माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. वैशालीताई लगेच उठल्या होत्या. हिनेच हात करून त्यांना खाली बसवलं. म्हणाली, तुम्ही रडत होता, मध्येच थांबवायचं कसं?
म्हणजे हॉलभर माणसं अख्खं गाणं संपेपर्यंत ढोल ऐकत माझ्या तोंडाकडे बघत बसली. त्या टाळ्या कशासाठी होत्या ते आता कळतंय. नसतं कळलं तर बरं झालं असतं. बाबा रेडिओवर पंजा ठेवायचे तेव्हा आम्ही पोरं एकमेकांना कोपर मारून हसायचो.
नाचता येईना अंगण वाकडं. रेकॉर्ड वाकडी, कुकर वाकडा, फोन वाकडा, मनवाचं बोलणं वाकडं. आता दोष द्यायला घरात काही शिल्लक नाही.

१४ ऑगस्ट
शिवडीला गेलो. दौलतने दार उघडलं, आत ये म्हणाला नाही. मी सांगितलं, मला ऐकू येत नाही. हे वाक्य मी पहिल्यांदा बोललो, आणि फार मोठ्याने बोललो असणार, कारण शेजारच्या दोन बायका बाहेर आल्या. दौलत माझ्याजवळ येऊन कानाशी ओरडून म्हणाला, भोसड्या, मग लिहायचं ना. मला आणि शेजारणींना, सगळ्यांनाच ऐकू गेलं.
कुशाबाच्या फोटोला हार घातला. वायरीचं सांगितल्यावर दौलत इतका हसला की त्याला खोकला लागला. नंतर रडला. आवाज नाही कळला, खांदे दिसले.

१८ ऑगस्ट
दादरच्या डॉक्टरकडे गेलो. कालिंदीला टॅक्सी आधीपासून उभी करावी लागली नाही. तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं: फार उशिरा आलात. मशीनने बोलणं बरंच कळेल. संगीताची फार आशा ठेवू नका, ते पूर्वीसारखं येणार नाही. मी मान हलवली. या वेळी सगळं कळून हलवली.

२३ ऑगस्ट
मशीन आलं. ताटल्या आपटतात, पंखा ओरडतो, मनवा मुळात चांगली खणखणीत बोलते. रेकॉर्ड लावली, सगळ्या वायरी जोडून. पत्र्याच्या डब्यात कोणी चमचे हलवतंय. त्या तीन बहिणी नाहीत, एकही नाही. अर्ध्यात सुई उचलली.

२४ ऑगस्ट, रविवार, सकाळी
कालिंदीने चहा आणला. नेहमीसारखी पुटपुटत. मशीन कानात होतं.
नामस्मरण नाही. तेच गाणं. इंग्लिशचा एक शब्द धड नाही, तरी तेच.
कधीपासून म्हणतेस, विचारलं. म्हणाली, दिवाळीपासून. रोज चहा देताना. ज्या दिवशी ऐकून वर बघाल, त्या दिवसापासून डॉक्टरचं नाव काढणार नव्हते. मी रोज कप घेऊन पेपर उघडत होतो.
पुन्हा म्हणायला लावलं. बेसूर आहे, असं मला वाटतं. तिला म्हटलं, चाल चुकतेय, उद्यापासून मी शिकवतो.
तिने विचारलं, कशी शिकवणार?
चहा प्यायलो.