दारोदारचा फोटो

ऑर्ड, नेब्रास्का
८ ऑक्टोबर

चि. कॅरिसा हिला बाबांचे अ. उ. आ.

फोन का उचलत नाहीस? इकडे तुझा फोटो गावभर झालाय. सप्टेंबरात चर्चच्या जेवणाला आपले सिनेटचे उमेदवार हॅवरकॅम्प आले होते. खसखशीचे गोड पाव, कोलाची, खाताना त्यांच्या टायवर खसखस सांडली आणि तू पोटावर हात ठेवून खो खो हसलीस, तोच फोटो. खाली छापलंय, ‘या बाळासाठी देशभर एकच कायदा: गर्भपातबंदी!’ दारांच्या मुठींना अडकवायची कार्डं आहेत; आपल्या भागातली सगळी मी स्वतः अडकवली. तीस वर्षं पक्षाचं काम करतोय, पण असं मिरवायला कधी मिळालं नव्हतं.

शेजारच्या झेलेंकाबाईंनी तारीख विचारली. फेब्रुवारीअखेर, म्हटलं. पाळणा घासायला काढलाय. जावईबापूंना सांग, रंग मीच ठरवणार.

लोभ असू द्यावा आणि फोन उचलावा.
तुझा बाबा

कर्नी
१२ ऑक्टोबर

ती. बाबांना सा. न. वि. वि.

फोनवर बोलायला गेले की रडू फुटतं, म्हणून लिहिते. बाळाला मूत्रपिंडंच नाहीत. भोवती पाणी नाही, त्यामुळे फुप्फुसं वाढणार नाहीत. जन्मलं तरी काही मिनिटंच जगेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांचेही डोळे भरले होते, पण बारा आठवडे उलटले की आपल्या राज्यात गर्भपाताला बंदी, त्यांचे हात बांधलेले. सत्तावीसला आम्ही शेजारच्या राज्यात, डेन्व्हरला जातोय. तिथे अजून करता येतं. देशभरचा कायदा झाला की तेही बंद. आणि त्या कायद्यासाठी मी दारोदार हसतेय, बाबा!

तुम्हाला पटावं असं म्हणत नाही. फक्त ती कार्डं काढा. मला वेड लागेल.

राग धरू नका.
तुमची कॅरिसा

ऑर्ड
१५ ऑक्टोबर

चि. कॅरिसास,

आशीर्वाद कोणत्या तोंडाने देऊ?

पोस्टाबाहेर गाडीतच पत्र वाचलं. तासभर किल्ली फिरवता आली नाही. प्रचार कचेरीत फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, प्रार्थना करू, पण टपालाने जायची कार्डं छापखान्यातून निघालीत. मग पिशवी घेऊन घरोघर फिरलो. पुष्कळ काढली. झेलेंकाबाईंनी मात्र फ्रिजवर लावलंय. फोटो नीट आला नाही, म्हणून परत मागितलं, तर हसून म्हणाल्या, आजोबा होताय, लाजता कशाला. खरं सांगवलं नाही.

मतपत्रिका घरी आलीय. सिनेटच्या जागी कुणाच्याच नावासमोरचा गोल भरला नाही. याहून जास्त माझ्याने होत नाही, पोरी. मला डेन्व्हरला येऊ दे.
बाबा

कर्नी
१८ ऑक्टोबर

ती. बाबांना सा. न.

गोल कोरा ठेवून कुणाचं काय अडणार? माझ्यानंतर ज्या मुलीवर ही वेळ येईल, तिने कुठे जायचं?

झेलेंकाबाईंकडून कार्ड आणू नका. त्यांना खरं सांगा, माझं नाव घेऊन सांगा. तेवढं जमलं तर या. नाही जमलं, तर पाच तास गाडीत तुमच्याशेजारी मला बसवणार नाही.

लोभ आहे म्हणूनच मागते.
कॅरिसा

ऑर्ड
२१ ऑक्टोबर

चि. कॅरिसास अ. उ. आ.

सांगितलं. तुझं नाव घेऊन, त्यांच्या स्वयंपाकघरात उभं राहून. झेलेंकाबाईंनी फ्रिजवरचं कार्ड काढून टेबलावर उलटं ठेवलं आणि माझ्यासाठी दार उघडून धरलं. संध्याकाळी माझ्याकडची पक्षाच्या कचेरीची किल्ली परत न्यायला माणूस आला. देऊन टाकली.

गोल भरला. हॅवरकॅम्पसमोरचा नाही. मतपत्रिकेच्या पाकिटावरची सही माझी वाटत नाही. सव्वीसला सकाळीच तुझ्या दारात येतो.

आजच्या टपालात माझ्याही नावाचं कार्ड आलं. ‘प्रिय मायलो, या बाळाचं भवितव्य तुमच्या हाती आहे.’ वर तू हसते आहेस. पाळण्याशेजारी बसून कितीतरी वेळ बघत होतो. फाडवत नाही, ठेववतही नाही. काय करू, तूच सांग.

लोभ राहू दे, एवढंच.
तुझा बाबा