कंसातले आवाज

११ जानेवारी

पाठ पार मोडून आली! एवढ्याशा व्हिडिओतलं बोलणं खालच्या कॅप्शनसाठी लिहून काढायला अख्खी दुपार गेली. कुलूप दुरुस्त कसं करायचं ते एक माणूस सांगतो आणि दर दोन वाक्यांनी घसा खाकरतो. प्रत्येक खाकरणं कंसात घालायचं का? कॅप्शन लिहिणाऱ्या आमच्या गटावर विचारलं. आमचं लिहिलेलं तपासतात त्या तपासनिसांचं उत्तर — 'सवयीचं असेल तर एकदा. कारणाने असेल तर दर वेळी.' म्हणजे आता लोकांच्या खाकरण्यामागची कारणंही मीच शोधायची.

हे झेंगट मीच गळ्यात घेतलंय, कुणी बळजबरी केली नव्हती. दवाखान्यातली नर्स म्हणाली, 'तुझी बोटं एवढी पळतात, दे की थोडा वेळ. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना इंटरनेटवरचे निम्मे व्हिडिओ म्हणजे नुसती हलणारी तोंडं.' ते वाक्य लागलं. तेव्हापासून दुपारी घरी आलं की हेच — ऐका, थांबवा, लिहा, मागे न्या, परत ऐका.

सकाळभर दाताच्या दवाखान्यात फोनवर गोड बोलायचं. पगार त्याचाच मिळतो. घरी येईपर्यंत गोडवा संपलेला असतो! निदान या कामात मला तोंड उघडावं लागत नाही.

१३ जानेवारी

आई आज दिवसभरात मोजून चार शब्द बोलली. त्यातले तीन 'बरं'.

१६ जानेवारी

आई म्हणजे आमच्या घरचा रेडिओ होता. उतू जाणाऱ्या दुधाशी बोलायची, न लागणाऱ्या कडीशी भांडायची, चुकून आलेल्या फोनवाल्याचीही चौकशी करायची. बाबा म्हणायचे, 'हिला बटण कुठे आहे ते लग्नात सांगितलंच नाही कुणी.' बाबा गेल्यावर तिला इकडे आणलं तेव्हाही बोलायची. मग हळूहळू तोंडाला कुलूपच लागलं. कधी लागलं तेही मला सांगता येणार नाही.

कान गेले असणार. दोनदा-तीनदा सांगितल्याशिवाय काही होत नाही. मग माझाही आवाज चढतो, दुसरं काय करणार? परवा शेजारीण जिन्यात म्हणाली, 'काल कुणावर रागावलात का हो?' म्हटलं, 'छे हो, आईच्या कानांचा प्रॉब्लेम आहे.'

कान तपासून घ्यायला हवेत. एकदा कळलं म्हणजे मशीन लावता येईल. परत बोलायला लागेल. घरात एवढी शांतता मला सहन होत नाही.

१९ जानेवारी

तपासनीस जन्मापासून बहिरे आहेत. आयुष्य छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलं. मला आधी हसूच आलं होतं — ज्यांना ऐकू येत नाही ते आम्ही ऐकलेलं काय तपासणार? पण ते आवाज तपासतच नाहीत. चेहरे तपासतात. पडद्यावर कुणाची भुवई वर गेली, कुणी वळून बघितलं, आणि खाली अक्षर नसलं, की तिथे लाल प्रश्नचिन्ह. माझ्या कुलूपवाल्यावर चार लाल प्रश्नचिन्हं आली. चारही बरोबर! एका जागी मागे कुत्रं भुंकलं होतं. मी लिहिलंच नव्हतं.

२३ जानेवारी

नवा व्हिडिओ मिळाला. एक बाई घरबसल्या शिवण शिकवते. गटात सगळे तिला शिवणवाली म्हणतात. मूकबधिर शाळेतल्या मोठ्या मुलींनी मागणी केली होती, की हिचं कॅप्शन करून द्या, हात दिसतात पण काय म्हणते ते कळत नाही.

गोड बाई आहे. बाही जोडताना म्हणते, 'घाबरायचं नाही, उसवता येतं.' तिचं बोलणं लिहिताना आज पहिल्यांदाच दमले नाही.

मध्ये एकदा मागून एक पुरुष काहीतरी बोलतो. बहुतेक नवरा. घरगुती आहे, शिवणाशी संबंध नाही. सोडून दिलं. मुलींना कशाला ते?

२५ जानेवारी

लाल प्रश्नचिन्ह! 'इथे हिचा हात का थांबला?'

मी कळवलं, 'मागे कुणीतरी बोललं. विषयाशी संबंध नाही.'

उत्तर आलं, 'हात थांबला म्हणजे संबंध आहे.'

डोकं उठलं माझं. फुकटात राबायचं आणि वर उलटतपासणी! पण परत लावून बघितलं. कात्री कापडात अर्धी गेलेली. मागून आवाज. कात्री तशीच राहते. मग ती हसते — आणि इतकं वाईट हसते! — आणि पुढे कापायला लागते. मुलींना ते हसणं दिसणार होतं आणि कारण कळणार नव्हतं.

लिहिलं:

[मागून पुरुषाचा आवाज] आटप आता. तुझं कोण बघतंय ते?

२६ जानेवारी

पुन्हा प्रश्नचिन्ह. आता काय? तर सूर कुठाय!

गटावर वादच झाला. एक बाई म्हणाल्या, सूर म्हणजे आपलं मत झालं, आपण फक्त शब्द द्यावेत. तपासनिसांनी लिहिलं, 'शब्द मी ओठांवरूनही वाचतो. सूर कुठून आणू?'

मीही मग त्यांची बाजू घेऊन चांगलं लांबलचक लिहिलं. म्हटलं, शब्द साधेच आहेत, मारतो तो सूर. तो झाकून आपण कुणाला वाचवतोय? अशा माणसांना कळायला हवं, की त्यांचं बोलणं ऐकू येतं!! सात-आठ जणांनी अंगठे दिले. बरं वाटलं.

[मागून पुरुषाचा आवाज, तुसडेपणाने] — असं केलं. एका शब्दासाठी तासभर! पण तो माणूस दिवसभर डोक्यातून जात नव्हता. रोजचं माणूस, घरातलं, तुझ्यासाठी राबणारं. त्याच्याशी असं बोलवतं तरी कसं?

त्या गडबडीत आईचं दूध राहिलं. तिने आठवण केली नाही. केली असती तर दिलं नसतं का? तसं तिला सांगितलंही.

२ फेब्रुवारी

अर्धी रजा टाकून आईला कानाच्या तपासणीला नेलं. काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन लावले, आवाज आला की बटण दाबायचं. आई शाळेतल्या मुलीसारखी ताठ बसली आणि दाबत राहिली. मी बाहेरून बघत होते. तपासणाऱ्या बाई हसायला लागल्या. म्हणाल्या, 'या वयात असे कान मी बघितले नाहीत. यांना कुजबुजसुद्धा ऐकू येते. मोठ्याने बोलायची काही गरज नाही.'

परत येताना विचारलं, 'मग हाक मारली तर उत्तर का देत नाहीस?'

'देते की.'

'कधी देतेस?'

'बरं,' म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

रजा गेली. हात हलवत परत आले. कान ठणठणीत आहेत याचा आनंद व्हायला हवा, पण मला रडू येत होतं.

३ फेब्रुवारी

कान चांगले आहेत. मग बोलत का नाही?

६ फेब्रुवारी

दादाचा फोन. म्हणाला, 'आई माझ्याशी तर तासतासभर बोलते गं. तू कामावर गेलीस की फोन करते.'

मी नुसतं 'हो का' म्हटलं. तिकडे तास तास आणि इकडे 'बरं'? मी काय घोडं मारलंय हिचं? औषधं मी द्यायची, आंघोळीला पाणी मी काढायचं, नखं मी कापायची, आणि गप्पा दादाशी!

म्हणाला, 'थोडे दिवस इकडे येऊ दे. महिनाअखेरीस गाडी घेऊन येतो.' म्हटलं, 'का? मी कुठे कमी पडते का?' तर म्हणे, 'तसं नाही गं. तूही दमलीयेस.' दमलेय तर! पण दमले म्हणून आईला पाठवून देऊ?

आईला विचारलं, 'दादाकडे जायचंय का?'

'तू म्हणशील तसं.'

'मी म्हणते म्हणून नाही. तुला काय वाटतं ते सांग.'

'बरं.'

हात टेकले.

१० फेब्रुवारी

शिवणवालीचा व्हिडिओ कॅप्शनसकट लागला. शाळेतल्या मुलींनी खाली लिहिलंय. त्या माणसाने विचारलं होतं ना, तुझं कोण बघतंय ते? एकीने लिहिलं, 'आम्ही बघतो.' खाली दुसरीने, 'आम्ही बघतो.' मग रांगच लागली. आमच्या तपासनिसांनीसुद्धा लिहिलंय. त्या गंभीर माणसाने!

शिवणवालीने उत्तरात फक्त एवढंच लिहिलंय, 'दिसलं मला.'

दवाखान्यात काउंटरखाली डोकं घालून रडून घेतलं. डॉक्टर म्हणाले, 'दात दुखतोय का?'

१३ फेब्रुवारी

गटात नवे आले आहेत — निवृत्त बस ड्रायव्हर. आम्ही ड्रायव्हरकाका म्हणतो. जन्मभर इंजिनची कुरकुर ऐकून यांचे कान असे तयार झालेत, की काही सुटत नाही. स्वयंपाकाच्या व्हिडिओत [चमचा पडतो], [दुसऱ्या खोलीत नळ ठिबकतो], [वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवतं]. मी लिहिलं, 'काका, पदार्थ कुठेय?' तर म्हणाले, 'ताई, तो कंसाबाहेर आहे.' खूप दिवसांनी हसले.

हसल्याचा आवाज ऐकून आई दारात आली. 'काय झालं गं?' तिला सांगायचं होतं, पण कॅप्शन, तपासनीस, ड्रायव्हर, सगळं पहिल्यापासून सांगत कोण बसणार? 'तुला नाही कळायचं,' म्हटलं. गेली परत.

१७ फेब्रुवारी

तपासनिसांनी नवं काम दिलं. नव्या लोकांसाठी एक छोटा व्हिडिओ करायचा — कॅप्शन कसं लिहितात, काय ऐकायचं, काय सोडायचं. 'तुम्ही बोला. सूर तुम्हाला कळतो,' असं लिहिलंय. कुठल्याही पगारवाढीपेक्षा हे मोठं वाटलं मला. माझ्या आवाजाची अशी किंमत आजवर कुणी केली नव्हती.

दादाला कळवलं, येऊ नकोस, आई इथे मजेत आहे.

१९ फेब्रुवारी

रेकॉर्डिंग एका दमात झालं! बाहेरच्या खोलीत टेबलावर फोन उभा केला, मागे पुस्तकांचं कपाट, केस नीट विंचरले. शिवणवालीचं उदाहरण दिलं. दवाखान्यात फोनवर लावते तोच आवाज लावला होता — मऊ, सावकाश. मध्ये आईने आतून हाक मारली. नंतर येते म्हणून तिला सांगितलं आणि पुढे बोलत राहिले. कुठे अडखळले नाही.

स्वतःचं परत ऐकवत नाही म्हणून तसंच पाठवून दिलं. स्वतःच्या व्हिडिओचं कॅप्शन स्वतः करायचं नाही असा नियम आहे. ड्रायव्हरकाकांनी मागून घेतलं.

दमलेय. पण चांगलं दमलेय.

२२ फेब्रुवारी

काकांनी कॅप्शन पाठवलं. मधला भाग इथे उतरवते.

[बोलणारी, प्रेमाने] कुठलाही आवाज बिनमहत्त्वाचा नसतो.

[आतून वृद्ध बाईचा आवाज, दबकत] अगं, जरा येतेस का?

[बोलणारी, मान न वळवता, खेकसून] काय आहे? काम चाललंय दिसत नाही? गप्प पड जरा!

[आतून] बरं.

[बोलणारी, पुन्हा प्रेमाने] तर, आपण सुराबद्दल बोलत होतो.

[आतून, अगदी हळू, स्वतःशी] पाणी हवं होतं.

खाली काकांनी विचारलंय, 'ताई, घरातलं आहे. काढू का?'

ठेवा, म्हणून कळवलं.

पाण्याचा पेला भरून आत गेले. आई दचकून उठून बसली. माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, 'मी मागितलं नव्हतं गं.'