पोतेऱ्याच्या गळ्यातलं नरसाळं

प्रिय ठमे,

कागदाच्या डोक्यावर मांजराचा पंजा छापलेला बघून हसू नकोस. पिशवीत दुकानाची वही तेवढी होती, तिचीच पानं फाडून लिहितेय. 'नखं, कान, केस, आंघोळ' असे चौकोन मध्ये येतील, ते सोडून वाच. आणि बाबांचं नाव आलं म्हणून पत्र खाली ठेवू नकोस. फोनवर मी 'बाबा' म्हटलं की तू 'बरं, ठेवते' म्हणतेस, आणि मीही गेली सहा वर्षं ते चालवून घेतलं. आता चालवून घेता येत नाही. बाबांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापायचा आहे, ठमे. जखमेचं विष वर चढतंय. डॉक्टरांनी गुरुवारी सकाळपर्यंतची मुदत दिलीय, त्यानंतर कापूनही उपयोग नाही म्हणाले. आणि बाबा नाही म्हणतायत. आज मंगळवार, दुपारचे दोन वाजलेत, मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलेय. कुरियरवाल्याच्या हातापाया पडून आलेय मी. उद्या बाराच्या आत हे तुझ्या हातात देतो म्हणालाय.

तू विचारशीलच म्हणून सांगते, पोतेरं ठणठणीत आहे. तू कुत्र्याचं ते पिल्लू भाजीच्या पिशवीत घालून आणलंस तेव्हा बाबा म्हणाले होते, "हे कुठलं पोतेरं उचलून आणलंस?" आणि बिचाऱ्याला तेच नाव चिकटलं. तू घर सोडून गेलीस तेव्हा मला वाटलं होतं, आठ दिवसांत बाबा त्याला कुणाच्या तरी गळ्यात बांधतील. झालं उलटंच. मी म्हटलं, बाबा, नुसतं खायला घालून भागत नाही, पंजे बघावे लागतात. आणि त्यांना एकेक शिकवलं. दुपारी फिरायला नेण्याआधी हाताची मागची बाजू रस्त्यावर ठेवायची, सात आकडे मोजेपर्यंत सोसली तरच कुत्र्याला त्यावर चालवायचं. घरी आल्यावर कोमट पाण्यात एकेक पंजा बुडवायचा, पंजाखालच्या मऊ गाद्यांच्या मधल्या फटी बोटानं चाचपायच्या, खडा, काच, काटा काही अडकलंय का बघायचं, आणि कोरडं करताना बोटांच्या मधली जागा विसरायची नाही. फरशीवर नखं टकटक वाजायला लागली की समजायचं वाढलीत. काळी नखं असतात त्यांची आतली शीर दिसत नाही, म्हणून ती माझ्यावर सोडायची. तुला माहीतच आहे, अठ्ठावीस वर्षं बसमध्ये उभ्यानं तिकिटं फाडलेला माणूस, पहिल्या थांब्यापासून शेवटच्या थांब्यापर्यंत एकही थांबा गाळणार नाही. पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा डावा, मागचा उजवा. मध्येच पोतेऱ्यानं पाय ओढला की ओरडायचे, "चला, पुढे सरका, दारात उभं राहू नका!"

दर रविवारी मी तपासायला जायची. म्हणजे मी जमिनीवर मांडी घालून, पोतेऱ्याचा पंजा माझ्या मांडीवर, आणि बाबा समोर खुर्चीत, पायात मोजे. प्रत्येक रविवारी मी म्हणायची, बाबा, माझ्या दुकानात येणाऱ्या गाडीवाल्यांच्या कुत्र्यांचेही पंजे एवढे स्वच्छ नसतात. ते असे खूश व्हायचे, जसं काही मी त्यांच्याच पाठीवर थाप मारलीय. ठमे, त्यांचे पाय माझ्या गुडघ्यापासून वीतभर लांब होते. वीतभर! त्यांच्या रक्तात साखर आहे हे मला ठाऊक, साखरेनं पाय बधिर होतात हेही मला ठाऊक. गल्लीत मला सगळे नखवाल्या ताई म्हणतात. परवा एका बोक्याला टेबलावर ठेवल्या ठेवल्या मी सांगितलं, ह्याचं अंगठ्याचं नख वळून गादीत रुतलंय, आणि मालकीण तोंडाकडे बघत राहिली. आणि इकडे काखेत कळसा नि गावाला वळसा.

दोन महिन्यांपूर्वी पोतेऱ्याला एक खोड लागली. बाबा बसले की त्यांच्या उजव्या पायाशी जाऊन बसायचं आणि मोजा चाटत राहायचं. तासन् तास. मोजा चिंब व्हायचा, त्याच्या हनुवटीचे केस ओले राहून खालची कातडी लाल झाली. मी काय केलं असेल? मी पोतेऱ्यावर इलाज केला. गिऱ्हाइकांना सांगते तेच सगळं बाबांना ऐकवलं, की चाटत सुटणं म्हणजे एक तर खाज, नाहीतर कंटाळा, नाहीतर घामातल्या मिठाची चटक. म्हटलं, तुम्ही त्याला लाडावून ठेवलंय. त्याचं खाणं बदललं, चघळायला खेळणं आणलं. तरी थांबेना, तेव्हा दुकानातून ते प्लास्टिकचं नरसाळं आणलं, जखम चाटू नये म्हणून जनावराच्या गळ्यात बांधतात ते, आणि त्याच्या गळ्यात अडकवलं. तीन आठवडे ठेवलं. ते वेडं दाराला, खुर्चीला, पलंगाला धडकायचं, पण फिरून बाबांच्या पायाशीच यायचं, आणि नरसाळ्याची कड त्या पायावर घासत बसायचं. बाबा हसायचे. म्हणायचे, "बिनतिकीट प्रवासी आहे गं, उतरायलाच तयार नाही." मीही हसले, ठमे. ते जनावर त्याला कळतं त्या भाषेत सांगत होतं, आणि अख्ख्या गल्लीत ती भाषा येणारी मी एकटी, मीच त्याचं तोंड बांधलं.

गेल्या रविवारी घरात वास येत होता. मी आधी पोतेऱ्याचे कान हुंगले, मग तोंड, मग चारही पंजे. काही सापडेना, म्हणून त्याला धुवायला घ्यायचं ठरवलं आणि नरसाळं काढलं. काढल्याबरोबर पोतेरं सुसाट बाबांकडे गेलं आणि दातांनी त्यांचा मोजा ओढून काढला. पाहिलं ते सगळं तुला सांगत नाही. अंगठ्याखालचा तळवा उरला नव्हता एवढंच सांगते, आणि वरची दोन बोटं काळी पडली होती. बाबा स्वतःच्या पायाकडे असे बघत होते जसं शेजारच्या माणसाची पिशवी आपल्या मांडीवर आलीय. त्यांना दुखतच नव्हतं. चपलेतून एक खिळा वर आलेला, बारीकसा, हरभऱ्याएवढाही नाही. किती दिवस तो रुतत होता कोण जाणे. एकदा मोज्याला डाग दिसला तेव्हा त्यांना वाटलं कुरूप झालंय, आणि त्यांनी काय लावलं माहितीये? पोतेऱ्याचं मलम. "त्याला गुण येतो, मग मला का येऊ नये?" म्हणाले. रोज संध्याकाळी चार पंजे उलटून बघणाऱ्या माणसानं स्वतःचा एक तळवा बघितला नाही. आणि वाकून बघणं त्यांना आता जमतही नाही, हे मला सुचायला हवं होतं. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं म्हणतात. हे मुंगीच्या पावलांनी आलं.

इथे आणल्यापासून ते सगळ्यांशी नीट वागतायत. सिस्टरला सुई टोचताना "सावकाश, पुढे खड्डा आहे" म्हणतात, शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना पाणी ओतून देतात. फक्त कापायचा विषय निघाला की भिंतीकडे तोंड. डॉक्टर चांगले आहेत गं. काल तासभर बसून त्यांनी समजावलं, पाय गेला तरी माणूस चालतो, लाकडी पाय मिळतो, ह्या वयात धोका आहे पण न कापण्यात त्याहून मोठा आहे. मग कागद पुढे केला. म्हणाले, पेशंटची सही आणि घरच्यांपैकी एकाची. मी पेन घेतलं, तोच बाबांनी माझं मनगट धरलं. ताप भरलेला, दोन दिवस पोटात अन्न नाही, तरी अशी पकड की माझी बांगडी वाकली. "हिची सही घ्यायची नाही. घेतलीत तर मी आत्ताच उठून घरी जाईन." डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले, जणू मीच काहीतरी वाईट केलंय ह्या म्हाताऱ्याचं. मी चिडले. वॉर्डभर ऐकू जाईल एवढ्या आवाजात भांडले. तुमचा हट्ट आहे, तुम्हाला माझी किंमत नाही, काय वाटेल ते बोलले. डॉक्टर गेले. मग बाबा हळूच म्हणाले, "एकदा केलीस तेवढी पुरे."

ह्या चार शब्दांचा अर्थ तुला लागणार नाही, ठमे. तो फक्त मला आणि बाबांना माहीत आहे, आणि तो तुला सांगायला हे पत्र लिहितेय. पाऊण वही पोतेऱ्याच्या पायांत घालवली, कारण इथपर्यंत यायचं धैर्य होत नव्हतं. आईच्या वेळी तू परीक्षेसाठी परगावी होतीस. डॉक्टर म्हणाले होते, ऑपरेशन केलं तर निम्मी आशा, नाही केलं तर दोन दिवस. कागद बाबांच्या पुढे होता. त्यांच्या हातातून पेन दोनदा खाली पडलं. "मला नाही जमत गं, तू कर," म्हणाले. आणि मी केली. आईच्या कागदावर सही माझी आहे. बाबांची नाही. आई टेबलावरून परत आली नाही. दुसऱ्या दिवशी तू आलीस, बॅगही खाली ठेवली नव्हतीस, आणि ओरडून विचारलंस, माझी वाट का नाही बघितली, कुणी केली सही? मी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "मी." मग तू त्यांना जे बोललीस ते तुलाही आठवतंय, मला पुन्हा लिहायला लावू नकोस. ह्या घरात पुन्हा पाऊल टाकणार नाही म्हणालीस आणि टाकलं नाहीस.

मी त्या दिवशी मूग गिळून बसले. उद्या सांगू म्हटलं, तेरावा होऊ दे म्हटलं, तिचा राग उतरू दे म्हटलं. एकदा अगदी फोन लावला होता, तर बाबांनी हातातून काढून घेतला. म्हणाले, आई गेली, आता तुम्ही दोघीच एकमेकींना आहात, माझं काय, मी शेवटच्या थांब्यावर आलोय. मी ऐकलं. ऐकलं म्हणजे, मला ते सोयीचं होतं. तू दर रविवारी मला फोन करायचीस, ताई ताई म्हणून मन मोकळं करायचीस, तुझ्या घरातली भांडणं सांगायचीस, आणि मी आवाज मोठा केलेला असायचा, ते समोर खुर्चीत बसून पोतेऱ्याचे पंजे पुसत आपल्या वाट्याचं एकही वाक्य येणार नाही हे माहीत असताना ऐकत असायचे. फोन ठेवला की विचारायचे, "बरी आहे ना?" एवढंच. सहा वर्षं, ठमे. मी त्यांच्याकडून तुला हिसकावून घेतलं आणि वर दर रविवारी त्यांची पाठ थोपटायला गेले.

आता ते जीव द्यायला निघालेत, ऑपरेशन करताना काही झालं तर दुसरी सही माझ्या माथी नको म्हणून. न करता गेले तर तेही माझ्याच माथी येणार आहे, हे मी त्यांना कसं समजावू? मी सांगून ते ऐकत नाहीत. म्हणून तू ये. उद्या संध्याकाळपर्यंत पोहोचशील, बस सोडून गाडी कर, काहीही कर. दुसरा मजला, डाव्या हाताचा वॉर्ड, खिडकीकडून तिसरी खाट. मी ह्याच बाकावर असेन. माझ्याशी बोलू नकोस, बघूही नकोस, आयुष्यभर बघू नकोस, पण सरळ आत जा आणि त्यांना आधी एवढंच सांग, की ताईनं मला सगळं सांगितलंय. एकदा तुला कळलंय हे त्यांना कळलं की लपवायला त्यांच्याकडे काही उरणार नाही, मग ते पेन हातात घेतील. दुसरी सही तू कर. आणि त्यांना बोललीस ते शब्द बाहेर येऊन मला बोल. ते माझेच होते.

तुझी म्हणवून घ्यायचं तोंड राहिलेलं नाही, तरीही तुझीच,
ताई