बाबांची लांबडी आणि मास्तरांचा गिअरबॉक्स

तीर्थस्वरूप आत्या,

तुला वाकून नमस्कार. (पत्रात वाकता येत नाही हे मला कळतं. पण नुसतं लिहायचं आणि वाकायचं नाही हे मनाला पटेना, म्हणून खुर्चीवरून उठून वाकले आणि मग पुढे लिहायला बसले. आईने आतून विचारलं, अहो, काय पडलं?) तुझा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात तू ‘गुडघा बरा आहे’ असं लिहिलं होतंस, पण कुठला ते लिहिलं नव्हतंस, त्यामुळे दुसऱ्याची काळजी लागून राहिली आहे. इकडे आम्ही दोघी ठीक आहोत. ‘ठीक’ हा शब्द मी विचार करून लिहिला आहे. आधी ‘मजेत’ लिहिलं होतं, ते खोडलं. खाडाखोड दिसते आहे त्याबद्दल क्षमा कर.

पत्राचं कारण लांबडी. तुला बरंचसं ठाऊक आहे, पण अर्धवट सांगायचं मला जमत नाही, म्हणून पहिल्यापासून लिहिते. तू आणि बाबांनी एकाच दिवशी एकाच शोरूममधून दोन सारख्या स्टेशन वॅगन घेतल्या, तुझी निळी आणि आमची राखाडी; लांबीमुळे दोघींनाही नाव पडलं लांबडी. पुढे कंपनीने ती गाडी बनवणं थांबवलं, मग तिचे सुटे भाग बनवणं थांबवलं आणि शेवटी चौकशीच्या पत्रांना उत्तर देणंही थांबवलं. बाबा म्हणायचे, त्यांनी थांबवलं असेल, आपण कुठे थांबवलंय? माझी पहिली शाळा ती गाडीच. बाबा वजनकाटे दुरुस्त करत दुकानादुकानांतून फिरायचे, आई दवाखान्यात नर्स म्हणून पाळीवर असायची, आणि मी सगळ्यात मागच्या, उलट्या तोंडाच्या सीटवर बसून मागे पळणाऱ्या पाट्या वाचायला शिकले. (त्यामुळे कुठलीही गोष्ट होऊन गेल्यावरच मला वाचता येते, असं आई म्हणायची.) बेरीज-वजाबाकी मी वजनं हातात धरून शिकले. बाबांच्या शिकवणीत दोनच विषय होते, मापात मारायचं नाही आणि दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे ठेवायची नाही. आज मी ज्या पेचात आहे, तो या दोन्ही विषयांचा एकत्र पेपर आहे.

बाबा गेल्यावर गाडी काढून टाकायची असं आमचं ठरलं होतं. पण मागचं दार उघडलं तर आत लोकांचे दुरुस्त झालेले काटे. ते पोचवायला हवेत की नकोत? मी चष्म्याच्या दुकानातून थोड्या दिवसांची रजा घेतली (तोंडी) आणि काटे पोचवायला निघाले. बाबांची उंची तुला माहीत आहे. सीट पुढे घ्यायचा खटका गंजलेला, त्यामुळे पाठीशी उशी, खाली उशी, आणि तरीही क्लच दाबायचा म्हणजे मला जवळजवळ झोपावं लागायचं. बाहेरून बघणाऱ्याला गाडी रिकामीच चालली आहे असं वाटत असणार. एका चौकात वाहतूक पोलिसाने हात दाखवून गाडी थांबवली, काचेतून आत डोकावला, मी ‘नमस्कार’ म्हटल्यावर दचकून मागे सरला आणि परवाना न बघताच जा म्हणाला. (मी तरी दाखवला.)

पण आत्या, काही दिवसांनी उशा नकोशा झाल्या. पाय आपोआप पोचायला लागले. मी घरी येऊन चौकटीला टेकून उंची मोजली, वाढले नव्हते. मग रस्ते. मला त्या दुकानांचे पत्ते माहीत नव्हते, ते विचारत विचारत जाणार होते. विचारायची वेळच आली नाही. गाडी वळली असं म्हणणं बरोबर होणार नाही, कारण स्टिअरिंगवर हात माझेच होते. पण वळायचं मी ठरवलं नव्हतं. एका किराणा दुकानात मी काटा घेऊन शिरले, तर दुकानदार मान वर न करता म्हणाला, “या, बसा, आज उशीर केलात.” मग त्याने मान वर केली आणि त्याच्या हातातली साखर सांडली. ती मी त्याच काट्यावर तोलून भरून दिली. काटा चोख होता.

याच फेऱ्यांमध्ये मला ती लांबडीवाली मंडळी भेटली. तुझ्याकडेही असतीलच. रस्त्यात समोरून दुसरी लांबडी आली की दिवे एकदा मिचकावायचे, ही त्यांची रीत. मी पहिल्यांदा घाबरून वायपर चालू केले. नंतर मीही मिचकावू लागले, आणि एका रविवारी सकाळी दारात दोन लांबड्या उभ्या. एक बँकेतून निवृत्त झालेले काका, दुसऱ्या टेलरिंग क्लासवाल्या काकू. दोघांनी आमच्याशी बोलायच्या आधी आमच्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला, ताप बघतात तसा. इतकी वर्षं दुसरी गाडी का नाही घेतलीत, असं मी बँकवाल्या काकांना भाबडेपणाने विचारलं. ते माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मी त्यांना दुसरं कुटुंब का नाही घेतलंत असं विचारलं होतं. त्यांच्या घरी नवी छोटी गाडी आहे म्हणे, मुलाची. तिच्यात बसलं की त्यांना गुदमरतं आणि आपल्या मागे कोणीच बसलेलं नाही असं वाटत राहतं. लांबडीत मागे कोणी नसलं तरी तसं वाटत नाही. हे त्यांनी लांबडीची तारीफ म्हणून सांगितलं.

आता सुटे भाग मिळतच नाहीत, तेव्हा ही मंडळी एकमेकांच्या गाड्यांवर गाड्या जगवतात. चालवणारा गेला की ‘गेला’ म्हणत नाहीत, ‘त्यांची गाडी थांबली’ म्हणतात. मग घरच्यांनी स्वतःच्या तोंडाने ‘थांबली’ असं सांगायचं, त्याशिवाय कोणी पाना लावत नाही. ज्याला भाग हवा, त्याने आधी त्या गाडीत चालकाच्या जागी बसायचं, आरसा-सीट काही न हलवता. बँकवाल्या काकांच्या गाडीला एका दातांच्या डॉक्टरांचं स्टिअरिंग आहे. डॉक्टर गेले त्याला बरीच वर्षं झाली. मला बोलता बोलता जांभई आली (रविवार होता), तर काका चटकन पुढे वाकले, माझ्या तोंडात बघितलं आणि म्हणाले, “वरची डावी दाढ दाखवून घे.” मग स्वतःच ओशाळले. काकूंनी त्यांच्या पाठीवर हात फिरवला. काकूंच्या गाडीला एका निवृत्त फौजदाराचा आरसा आहे, आणि तेव्हापासून मागे बसलेला माणूस काय लपवतो आहे ते त्यांना कळतं. क्लासच्या मुली त्यांच्या मागे उभं राहायला तयार नसतात. “त्रास नाही हो काही,” काकू मला म्हणाल्या, “सवय होते. उलट सोबत असते.” आत्या, मी हसले. नंतर दाढ दाखवून आले. किडली होती.

आता मास्तर. शाळेतले चित्रकलेचे मास्तर, यांचीही लांबडी, हिरवी, पण गिअरबॉक्स गेल्यामुळे बंद पडली आहे. मास्तरांच्या बायकोच्या पाठीला असं काही झालं आहे की तिला बसता येत नाही. लांबडीच्या सीटा आडव्या केल्या की मागे गादी घालून तिला निजवून उपचारांना नेता येतं. दुसऱ्या कुठल्या गाडीत पाय दुमडावे लागतात, आणि मग ती ओरडते. मास्तरांनी हे सांगताना एकदाही ‘द्या’ म्हटलं नाही. फक्त चालकाच्या जागी बसले. लगेच उतरले. म्हणाले, “ताई, जागा गरम आहे.” मी म्हटलं, उन्हाने असेल. गाडी सकाळपासून झाडाच्या सावलीत उभी होती, आणि त्या दिवशी मी ती काढलीही नव्हती. मास्तर म्हणाले, “ही थांबलेली नाही. चालत्या गाडीतलं काही घेता येत नाही आम्हाला. तुम्हाला वाटेल तेव्हा सांगा.” आणि एवढ्या लांब घरी पायी गेले. तेव्हापासून मी जेवताना बायकोच्या पाठीचा विचार करते.

तू म्हणशील, मग सांगून टाक की थांबली. तेच होत नाही, आणि त्याचं कारण आई.

बाबा गेल्यावर आईचं बोलणंच बंद झालं होतं. म्हणजे मला तरी ऐकू येईल असं काही ती बोलायची नाही. घरात दोन माणसं आणि घड्याळाचा आवाज. पण एका संध्याकाळी मी काटे पोचवून आले, किल्ली खिळ्याला अडकवली, घसा खाकरला (धुळीने), तर स्वयंपाकघरातून आई म्हणाली, “अहो, आलात? हात धुऊन घ्या.” मी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. दारात गाडी उभी होती, तिचं इंजिन गार होताना टिक टिक करत होतं. मला काय सुचलं कोण जाणे, मी ‘हं’ म्हटलं. बाबा म्हणायचे तसं, तोंड न उघडता. आणि आत्या, आई बोलायला लागली! शेजारच्यांचा पंप, माझं लग्न, तुझा आणि बाबांचा तो जुना वाद, सगळं. मी जेवता जेवता योग्य जागी ‘हं’ म्हणत होते. तेव्हापासून रोज. मी नुसती घरात असले तर शांतता. लांबडी घेऊन चौकापर्यंत जाऊन आले, की ‘अहो, आलात?’

आता तूच सांग, नुसतं ‘हं’ म्हणणं खोटं बोलण्यात मोडतं का? मी शब्द तर उच्चारत नाही. पण माप कुठेतरी कमी पडतं आहे. गिअरबॉक्स दिला तर गाडी थांबली, गाडी थांबली तर आई गप्प झाली. आणि त्याहून वाईट म्हणजे उद्या मास्तर घरी गेल्यावर बाबांसारखे खाकरले तर? मग ‘अहो’ कोण कोणाला म्हणणार? नाही दिला, तर एका बाईला पाय दुमडून ओरडायला लावणारी मीच. काल मी ‘थांबली’ हा शब्द म्हणायचा सराव करायला गाडीत जाऊन बसले. तोंड उघडलं. बाहेर आलं ते ‘हं’.

तुझ्या उत्तराची वाट पाहते. घरी काकांना नमस्कार, दोन्ही गुडघ्यांना जप.

तुझी,
भाची

ता. क. पत्र पुन्हा वाचलं. खरं विचारायचं राहूनच गेलं असं वाटलं, किंवा ते विचारायला संकोच होत होता म्हणून एवढं लिहिलं. तुझी निळी गाडी ताडपत्रीखाली उभीच असते ना? काकांना आता दिसत नाही आणि तुला क्लच दाबवत नाही. तिचा गिअरबॉक्स मास्तरांना दिलास तर? तुम्ही दोघं व्यवस्थित जिवंत असल्यामुळे मास्तरांच्या घरी कोणाचा काही त्रास होणार नाही. गाडी थांबली एवढं फक्त तू म्हणायचंस. तुला माझ्यापेक्षा स्पष्ट बोलता येतं.

ता. क. दुसरा. आईला तुला दोन ओळी लिहायच्या आहेत म्हणे. खाली जागा सोडली आहे. मी ते वाचणार नाही. पाकीट तीच बंद करेल.

वन्सं,

ती वाचणार नाही म्हणाली म्हणजे वाचणार नाही, तेवढं तुमच्या भावाने पक्कं शिकवलंय. मी मात्र तिचं सगळं वाचलं. सीट रोज थोडी थोडी पुढे सरकवली ती मीच, खटक्यात तेल घालून. पोर झोपून गाडी चालवते ते बघवेना. जागा गरम होती कारण गाडी दारात असली आणि तिचं लक्ष नसलं की मी तिथे जाऊन बसते. त्यांना आमचं घर तिथून कसं दिसत असेल ते बघते. एवढंच. भुतंखेतं काही नाहीत. दवाखान्यात एवढी वर्षं काढली, एकही भेटलं नाही.

पण मी गप्प झाले होते हे खरं नाही, वन्सं. मी बोलत होते, तिलाच ऐकू जात नव्हतं. नावाने हाक मारली की ती मान वळवत नाही. परवा तिच्या समोर बसून तिचं नाव घेतलं, तर म्हणाली, ‘ती अजून आली नाही का?’ आणि दाराकडे बघत बसली. ‘अहो’ म्हटलं की लगेच हं. म्हणून तीच हाक मारते, त्या हाकेवर निदान चार घास पोटात जातात. चष्म्याच्या दुकानात तिच्या जागी दुसरी मुलगी बसायला लागली, हे मला त्यांनी फोन करून सांगितलं.

तुमची निळी गाडी राहू द्या. मी मास्तरांना फोन करून स्वतःच्या तोंडाने सांगितलं, आमची थांबली म्हणून. माझा नवरा आहे, मी सांगू शकते. त्यांच्यातलं काय मास्तरांकडे जायचं ते जाऊ दे, त्या बाईला आडवं तर होता येईल. मंडळी रविवारी पाने घेऊन येतील. तुम्ही त्याच्या आधी या, गुडघा दुखला तरी या. लहानपणी ती मागच्या सीटवर झोपून जायची, तेव्हा तुमच्याच हाकेने उठायची. गाडी खोलण्याआधी माझी मुलगी तेवढी खाली उतरवून घ्या.